दीड फुटी टाकीतले शेजारी

साक्षी जिना चढून ऑफिसात आली तेव्हा अवधूतच्या तोंडात वड्याचा घास होता. तिचं पहिलंच वाक्य ऐकून तो गिळावा की थुंकावा, हेच त्याला कळेना.

"दादा, तुमच्या काकांनी मला कामावरनं काढलं. माशांच्या टाकीत मी विष कालवलं म्हणत्यात."

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर मयूरी साळुंखे यांचं तपास कार्यालय होतं. बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. आधी वीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे आणि अन्नाचे नमुने तपासण्यात गेली होती. अवधूत त्यांचा मदतनीस. गाडी चालवायची, टिपणं काढायची आणि प्रत्येक प्रकरणात ठाम आवाजात चुकीचा माणूस पकडून दाखवायचा, ही त्याची कामं. शेवटचं काम त्याने बिनपगारीही आनंदाने केलं असतं.

"बस आधी," मयूरीताई साक्षीला म्हणाल्या. "टाकीत काय काय मेलं?"

"झिंगे. लाल, बारके, शोभेचे असत्यात ते. धाच्या धा. आन दोन्ही गोगलगायी."

"आणि मासे?"

"आठ हायत. आठी जित्ते. मी निघाले तवाबी फिरत हुते."

मयूरीताईंनी पेन उचललं. साक्षी पाटणजवळच्या एका वाडीची. बारावी झालेली, वय वीस. सांगलीला अवधूतचे गंगाधरकाका राहत. काकूंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हा अवधूतनेच ओळखीतून, एका एजन्सीमार्फत साक्षीला त्यांच्या सेवेला लावून दिलं होतं. त्याला चार महिने झाले होते. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी काकूंच्या पलंगासमोर माशांची टाकी ठेवायला सांगितली होती. मासे किती, झिंगे किती, असं रोज साक्षी विचारायची आणि काकू बोटांवर मोजायच्या. महिन्यापूर्वी काकूंच्या तोंडून पहिला स्वच्छ शब्द आला होता, 'लाल'.

"काम गेलं तर गेलं," साक्षी म्हणाली. "पण मिरजेला नर्सिंगला नंबर लागलाय माझा. सेवा केल्याचं आन वागणुकीचं पत्र पायजे. सोमवारी शेवटची तारीख. काका म्हणत्यात, पत्र देणार न्हाई. उलट एजन्सीला फोन करून सांगितलं, पोरगी निष्काळजी हाय." ती जरा थांबली. "मी न्हाई केलं ते."

आज शनिवार होता. मयूरीताईंनी गाडीची किल्ली अवधूतपुढे सरकवली.

वाटेत अवधूत काकांची बाजू मांडत राहिला. काका म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. घरकामाच्या बाईलाही अहो-जाहो करणारा माणूस. उगाच कुणावर आळ घेणार नाहीत. "मंगळवारी संध्याकाळीच त्यांचा फोन आला होता मला. साक्षीचं किती कौतुक करत होते. घरी कोण असतं, गाव कुठलं, सगळं आपुलकीने विचारलं. म्हणजे तोवर सगळं सुरळीतच होतं."

"मग तुम्ही काय सांगितलं?" मयूरीताईंनी विचारलं.

"जे होतं ते," अवधूत म्हणाला आणि पुढच्या ट्रकला हॉर्न दिला.

मागच्या सीटवर साक्षी खिडकीबाहेर बघत होती.

सांगलीत शिरल्यावर मयूरीताईंनी गाडी आधी शंभर फुटी रस्त्यावर घ्यायला लावली. टाकी मांडून देणाऱ्या कुणालचं दुकान तिथे होतं. झिंगे मेल्याचं त्याच्या कानावर आलंच होतं, आणि तो मनात धास्तावलेला दिसला.

"मॅडम, माझी निवड चुकलेली नाही," तो आधीच म्हणाला. "दीड फुटी टाकी, तीस लिटर पाणी. एवढ्याशा जागेत कुणाशेजारी कोण ठेवायचा, हाच तर सगळा धंदा आहे. काकांना गोल्डफिश पाहिजे होते. म्हटलं, लय घाण करतात आणि वीतभर वाढतात. मग म्हणाले एंजल. म्हटलं, दिसायला देखणा, पण मोठा झाला की बारके मासे गिळतो. फायटर म्हणाले, त्याला तर झिंगा म्हणजे खाऊच. शेवटी आठ निऑन दिले. त्यांचं तोंड एवढुसं, मोठा झिंगा त्यात मावत नाही. निऑन मधल्या पाण्यात फिरतात, झिंगे तळाला शेवाळ खातात, गोगलगायी काचेवर. कुणी कुणाच्या वाटेला जात नाही."

अवधूतने पुढे सरसावून नवा सिद्धांत मांडला. "कोण जाणे, निऑनलाच चव लागली असेल. रात्री एकेक करून खाल्ले."

"खाल्ले असते तर उरले नसते," मयूरीताई म्हणाल्या. "साक्षी, मेलेले झिंगे कसे होते?"

"अख्खे. तळाला आडवे पडलेले. मीच गाळणीनं काढले."

अवधूत वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करू लागला.

"फिनेल पडलं असेल तर?" मयूरीताईंनी कुणालला विचारलं.

"मग निऑन पहिले जातील. लय नाजूक जात. झिंगे मरावेत आणि निऑन जगावेत, असं मी फक्त औषधाने झालेलं बघितलंय. माशांच्या औषधात बऱ्याचदा तांबं असतं. थोडं तांबं मासा पचवतो, झिंग्याला आणि गोगलगायीला ते विष. म्हणून झिंगेवाल्या टाकीत औषध टाकायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो."

"मी कवाच टाकलं न्हाई," साक्षी म्हणाली. "घरात बाटलीच न्हाई."

मयूरीताईंनी कुणालला सोबत घेतलं.

विश्रामबागेतल्या घराचं दार काकांनीच उघडलं. अवधूतला बघून हसले, मागे साक्षी दिसताच हसू आटलं. तरी रीत सोडली नाही. पाहुण्यांना बसवलं, स्वतः आत जाऊन ट्रेमधून पाणी घेऊन आले. तांब्याची फुलपात्रं, प्रत्येकात तुळशीचं एक पान.

"फ्रीजचं पाणी आमच्याकडे चालत नाही," ते म्हणाले. "माझ्या आईपासूनची पद्धत. चोवीस तास तांब्याच्या हंड्यात राहिलेलं पाणी. चिंचेने लखलखीत घासलेला हंडा, वर तुळस."

फुलपात्रं चार होती आणि माणसं पाच. साक्षी दाराजवळ उभीच होती. तिने पिशवीतून आपली बाटली काढली. अवधूतला वाटलं, काकांचा हिशेब चुकला असेल, वय झालं.

"गुरुवारी काय झालं, प्रोफेसर?" मयूरीताईंनी विचारलं.

"सकाळी सात वाजता मी खोलीत गेलो, झिंगे मेलेले. आदल्या दिवशी त्या मुलीने फरशी पुसली होती. फिनेलचे हात तसेच टाकीत घातले असणार, दुसरं काय? मी टाकीला कधी हातही लावत नाही. वाईट याचं वाटतं, की तिच्यावर विश्वास टाकला होता."

"बुधवारी घरात कोण कोण होतं?"

"ती दुपारी मिरजेला गेली होती, फॉर्म भरायला. एक ते चार. बनाबाई बाराला स्वयंपाक करून जातात, पाचला येतात. मी आणि ही, दोघेच."

बनाबाई ओट्यापाशी भाजी निवडत होत्या. गेली अकरा वर्षं त्या या घरात होत्या. मयूरीताई त्यांच्याशेजारी पाटावर बसल्या आणि त्यांनीही मेथीची जुडी ओढून घेतली.

"आवं, त्या माशांच्या वाटंला मी जात न्हाई," बनाबाई म्हणाल्या. "मला किळस येती. पोरगीच समदं करायची. लय मायेनं करायची. मला इचारशीला तर तिनं काय केलं न्हाई. पण मला कोन इचारतंय? मला नुसतं काम. आता बुधवारचंच घ्या. सकाळी हंडा घासून भरून ठिवला. संध्याकाळी येतीय तर रिकामा. पुन्यांदा भरा. माजी कंबार का लोखंडाची हाय?"

"खरंच हो," मयूरीताई म्हणाल्या. त्यांची नजर मागच्या खिडकीकडे होती. फळीवर पाच कप ओळीने मांडलेले होते. सहावा, स्टीलचा, खिडकीच्या कट्ट्यावर एकटाच पालथा पडला होता.

काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. साक्षी दिसताच त्यांचा डावा हात उठला. साक्षी जवळ गेली आणि तिने तो धरला. काका मागून पाणी घेऊन आले, फुलपात्र ओठांशी नेलं. काकूंनी तोंड फिरवलं.

"गुरुवारपासून असंच," काका म्हणाले. "बोलणं बंद, माझ्या हातून काही घेत नाही. टाकीचा धसका घेतलाय."

टाकी समोरच्या टेबलावर होती. आठ निऑन निळी-तांबडी रेघ ओढत फिरत होते. काचेवर वरच्या काठापासून तीन बोटं खाली निळी चिकटपट्टी होती. पाणी पट्टीच्या बरंच वर, काठाला भिडलेलं.

"ही पट्टी कशाची?"

"मी लावलीय," साक्षी म्हणाली. "पाणी त्येच्या वर जाऊ द्यायचं न्हाई, झिंगे उडी मारून भायेर पडत्यात. बुधवारी मिरजेहून आले तवा पाणी असंच वर हुतं. मला वाटलं, उकडतंय म्हणून बनामावशीनं ओतलं. म्हटलं, सकाळी उपसू."

मयूरीताईंनी बाही सरकवली आणि फिल्टरचा स्पंज बाहेर काढून पिळला. त्यातून एक काळपट पान निघालं. त्यांनी ते हुंगलं, रुमालात ठेवलं आणि कुणालला विचारलं, "तुम्ही यात कुठलं झाड लावलंय?"

"नुसतं शेवाळ, मॅडम. पानाचं काही नाही."

"सगळ्यांना इथेच बोलवा," त्या अवधूतला म्हणाल्या.

खोली लहान होती. काका खुर्चीवर, बनाबाई दाराच्या चौकटीला टेकून, कुणाल टाकीजवळ. साक्षीने काकूंचा हात सोडला नव्हता. अवधूत वही घेऊन भिंतीला टेकला. त्याला आता खात्री होती की बनाबाईंनीच काहीतरी सांडलंय आणि पाच मिनिटांत सगळे चहाला बसतील.

"फिनेल नाही," मयूरीताईंनी सुरुवात केली. "फिनेल असतं तर निऑन आधी गेले असते. माशांनी खाल्लेही नाहीत, झिंगे अख्खे सापडले. मासे वाचले आणि झिंगे, गोगलगायी मेल्या. असं करणारी वस्तू कुणालने आम्हाला दुकानातच सांगितली. तांबं. औषध घरात नाही. मग तांबं आलं कुठून?"

काका आपल्या हातांकडे बघत होते.

"टाकीचं पाणी कुणीतरी बदललं. अर्ध्याहून जास्त उपसून नवीन ओतलं. त्या माणसाला पट्टीचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून त्याने काठोकाठ भरलं. म्हणजे तो माणूस साक्षी नव्हे. हे बुधवारी एक ते चारमध्ये झालं, कारण साक्षी आली तेव्हा पाणी वर होतं. त्याच दुपारी भरलेला हंडा रिकामा झाला. चिंचेने नुकताच घासलेला, म्हणजे उघडा पडलेला धातू, त्यात तासन्‌तास राहिलेलं पाणी. माणसाला चालतं, झिंग्याला नाही. आणि हे पान टाकीतल्या झाडाचं नाही, तुळशीचं आहे." त्यांनी रुमाल टेबलावर उघडला. "बनाबाई आणि साक्षी घरात नव्हत्या. काकूंना उठता येत नाही. पाण्याचा नमुना तपासायला दहा मिनिटं लागतात, प्रोफेसर. तपासू का?"

"नको," काका म्हणाले.

अवधूतच्या हातातलं पेन थांबलं. "पण काका, यात लपवण्यासारखं काय होतं? पाणी बदललं, चुकलं, संपलं."

"मीही त्याच प्रश्नाशी अडले," मयूरीताई म्हणाल्या. "चुकून मेलं असतं तर प्रोफेसरांनी हसत सांगितलं असतं. ते पाणी का बदललं, हे सांगता येईना. म्हणून एका पोरीवर ढकललं. बनाबाई, खिडकीत तो स्टीलचा कप कुणाचा?"

बनाबाईंनी पदर सावरला. "पोरीचा. मंगळवारपातूर चिनी मातीच्याच कपात पीत हुती. बुधवारी सकाळी काकांनी ह्यो काढून दिला. म्हनले, हिचा येगळा ठिवा. मी म्हनलं, असंल काय."

"चार महिने एकाच फळीवरचे कप, आणि बुधवारपासून वेगळा," मयूरीताई म्हणाल्या. "मंगळवारी तुम्हाला तिच्याबद्दल असं काय कळलं?"

अवधूतला एकदम फोनवरचा काकांचा आवाज आठवला. प्रश्न काकांना होता, पण उत्तर देण्याची पहिली पाळी त्याची होती. त्याने मान खाली घातली आणि वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला.

काका बोलले ते अगदी हळू. "ती बौद्ध आहे, हे कळलं. त्याआधी चार महिने हिला ती भरवत होती, मला चहा देत होती, माझ्या मनात काही आलं नाही. मी वर्गात तीस वर्षं समतेवर बोललो आहे. बुधवारी सकाळी तिचा हात कोपरापर्यंत टाकीत पाहिला. टाकीतून काढलेलं पाणी आपण तुळशीला घालतो, हे मनात आलं. माझी आई असं काही झालं की तांब्याच्या हंड्यातलं पाणी शिंपडायची. मी स्वतःला सांगत होतो, नुसती स्वच्छता करतोय. बादलीने उपसत होतो आणि ही समोरून बघत होती. मी हिच्याकडे पाठ केली." त्यांनी चष्मा काढला. "सकाळी मेलेले झिंगे पाहिले तेव्हा झिंग्यांचं काही वाटलं नाही मला. कुणीतरी कारण विचारेल, याची भीती वाटली."

साक्षी रडली नाही. तिने फक्त आपला मोकळा हात एकदा उलटा करून पाहिला, जणू त्यावर काही लागलं असावं, आणि पुन्हा मांडीवर ठेवला. ते अवधूतला बघवलं नाही.

"पत्र," पलंगावरून आवाज आला.

काकू होत्या. तोंड वाकडं होत होतं, लाळ ओघळत होती, पण डोळे नवऱ्यावर रोखलेले.

"पत्र. लिही."

चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. आजाराने शब्द निसटला की रागाने, ते कुणीच विचारलं नाही. काका उठले आणि टेबलाशी बसले. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर लिहिलं. साक्षीने सेवा उत्तम केली, टाकीतले प्राणी आपल्या हातून मेले आणि आपण तिच्यावर खोटा आळ घेतला, हे सगळं त्यात होतं. एजन्सीलाही त्यांनी सर्वांसमोर फोन केला. मग पत्र साक्षीपुढे धरलं आणि म्हणाले, "तुम्ही परत याल का?"

साक्षीने पत्र दोनदा वाचलं. "काकूंसाठी रविवारी येत जाईन, मिरजेहून जवळच हाय. मोजायला. कामाला न्हाई." मग कुणालकडे वळली. "पाणी समदं बदलून, आठवड्यानं झिंगे सोडा. आधी दोनच."

"दोनच," कुणाल म्हणाला. काकांनी पैशाचं विचारलं, तर त्याने न ऐकल्यासारखं केलं.

परतीच्या वाटेवर अवधूत गरजेपेक्षा जास्त बोलत होता. साक्षीला थेट पाटणच्या वाडीपर्यंत सोडायचं त्याने ठरवून टाकलं होतं. रस्ता, नर्सिंगचं भविष्य, कुणालचा धंदा, काही सोडलं नाही. मयूरीताई शेजारी बसून रस्ता बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्या घरात बोलल्या नाहीत, कारण ते बोलणं त्याचं होतं. आणि त्याने ते केलं नव्हतं. काकांनी निदान चारचौघांत तोंड उघडलं. आपण वहीच्या आडोशाला उभे राहिलो, हे आठवून त्याचे कान तापत होते.

कराड जवळ आलं तशी साक्षी मागून म्हणाली, "दादा, मंगळवारी काकांनी तुमालाच इचारलं ना?"

"हो."

"तुमी काय म्हनला?"

काही गोल गोल सांगता आलं असतं. अवधूतने मनात दोन वाक्यं जुळवलीसुद्धा. मग आरशात तिचे डोळे दिसले आणि त्याने ती दोन्ही सोडून दिली.

"मी म्हणालो," त्याने सांगितलं, "बौद्ध आहेत ते लोक, पण पोरगी अगदी स्वच्छ आहे."

मयूरीताईंनी काच थोडी खाली केली.

"मी कौतुकच करत होतो," तो म्हणाला आणि हे बोलल्याबद्दलही त्याला लाज वाटली. "साक्षी, चुकलं माझं. तिथेच सांगायला हवं होतं."

"तिथं सांगायचं हुतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "कराडच्या स्टँडवर सोडा मला. पाटणची गाडी मिळती."

"अगं, मी घरापर्यंत सोडतो."

"न्हाई दादा. एसटीनं जाते."

स्टँडसमोर गाडी लावून तो घाईने उतरला आणि मागच्या डिकीतून तिची पिशवी काढली. चार महिन्यांचे कपडे होते त्यात, पिशवी जड होती. एसटीपर्यंत आपण नेऊ, असं त्याने ठरवलं होतं. साक्षीने पुढे होऊन पिशवी त्याच्या हातातून घेतली, पत्र असलेला कप्पा एकदा चाचपला आणि पाटणच्या फलाटाकडे चालू लागली.